प्रोग्रेसिव्ह चष्म्याला १४,५०० सांगितले, नाशकात खरा भाव काय चाललाय?

सातपूरवाली

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. वय ४३. गेल्या दिवाळीपासून सुईत दोरा जात नव्हता तेव्हा म्हटलं ट्यूबलाइट म्हातारी झालीय, मग औषधाच्या पट्टीवरची तारीख दिसेना तेव्हा म्हटलं हे कंपनीवाले मुद्दाम बारीक छापतात, आणि परवा ऑफिसात एका इनव्हॉइसवरचा ३ मी ८ वाचला आणि पाच हजार जास्तीचं पेमेंट निघता निघता राहिलं, तेव्हा मात्र गुपचूप डोळे तपासायला गेले. चाळिशी लागली म्हणे.

आता गंमत अशी की मला कॉलेजपासून लांबचा चष्मा आहेच. कागदावर दोन्ही डोळ्यांना -१.२५ लिहिलंय, तो जुनाच नंबर, बदललेला नाही, सिलिंड्रिकल वगैरे काही नाही, आणि खाली नवीन आलंय ते ॲड, म्हणजे जवळच्यासाठी वाढवायचा नंबर, +१.२५. कॉलेज रोडच्या एका मोठ्या चकाचक दुकानात गेले तर तिथल्या मुलाने कागद बघून सरळ "मॅडम तुम्हाला प्रोग्रेसिव्हच लागणार", म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेत, असं सांगून हिशोब मांडला. फ्रेम ३,२००, काचा १०,८०० आणि फिटिंग ५००. एकूण १४,५००. एवढ्यात तर आमचा गॅस, लाइट, किराणा निघतो. मग मेन रोडला एका जुन्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला ४,२०० मध्ये सगळं करून देतो, आणि ऑनलाइन बघितलं तर ऑफरमध्ये २,९०० ला दिसतंय. एकच कागद, तीन दुकानं, तीन भाव! भाजीबाजारातसुद्धा टोमॅटोच्या भावात इतका फरक नसतो हो.

दुसरा प्रश्न लेकीचा. ती ९ वर्षांची आहे, चौथीत. मागच्या वर्षी -१.७५ होता तो आता -२.७५ झालाय, आणि जुना चष्मा शाळेत कुणीतरी त्याच्यावर बसल्यामुळे तसाही गेलाय. तिला त्याच चकाचक दुकानात ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच, "कंपल्सरी" आहे म्हणून सांगितलं, मुलं मोबाइल बघतात ना म्हणून. कागदावर एक निळी लाइट मारून दाखवली आणि मध्ये काच धरली तर लाइट गायब, मुलगी एकदम खूश.

दोघींचं मिळून आठ-नऊ हजारांत बसवायचंय. प्रोग्रेसिव्हला खरंच इतके लागतात का, स्वस्तातल्याने डोळे बिघडतात का, आणि नाशकात कुठे जावं? दुकानाचं नाव उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

काचवाला

ताई, मी आता द्राक्षाच्या पॅकहाऊसवर असतो त्यामुळे कुणाची जाहिरात करायचा प्रश्न नाही, पण त्याआधी ९ वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम केलंय, दिवसाला पन्नास-साठ चष्मे हाताखालून जायचे, म्हणून थोडं आतलं सांगतो.

पहिली गोष्ट, फ्रेम आणि काच हे दोन हिशोब वेगळे ठेवा. ३,२०० ची फ्रेम म्हणजे ३,२०० चा माल असं काही नसतं, त्यात दुकानाचं भाडं, एसी, तो टाय लावलेला मुलगा आणि काडीवर छापलेलं नाव हे सगळं येतं. दिल्लीच्या बल्लीमारानमधून होलसेलात येणाऱ्या फ्रेमा आणि शोकेसमध्ये दिवा लावून ठेवलेल्या फ्रेमा शेजारी शेजारी ठेवल्या तर भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत. मोठ्या ब्रँडचंही काय, रे-बॅन आणि ओकली ही दोन्ही नावं एकाच घरातली, एसिलॉरलक्सॉटिका, आणि २०१८ च्या विलीनीकरणानंतर ती काचांचीही जगातली मोठी कंपनी. म्हणजे फ्रेम त्यांची, काचही त्यांचीच. नाव हवं असेल तर खुशाल घ्या, पण डोळ्याला नाव दिसत नाही.

दुसरी गोष्ट काचेची जाडी. साधी प्लास्टिकची काच म्हणजे सीआर-३९, तिचा इंडेक्स १.५०. त्यापुढे १.५६, १.६०, १.६७, १.७४. आकडा वाढला की काच पातळ होते आणि भाव चढतो. पण पातळपणाची गरज मोठ्या नंबरवाल्यांना, चार-पाचच्या पुढे. तुमच्या सव्वा नंबरला १.६७ घालणं म्हणजे सातपूरहून सिडकोला जायला विमानाचं तिकीट काढण्यासारखं आहे. १०,८०० च्या काचेत कोणता इंडेक्स धरलाय ते विचारा, माझी पैज आहे की उगाच वरचा धरलाय. रिमलेस किंवा स्क्रूवाली फ्रेम घेणार असाल तरच १.६० किंवा पॉलिकार्बोनेट लागतं, कारण साध्या काचेला भोक पाडलं की तिथूनच तडा जातो, असे चष्मे मी ढिगाने दुरुस्त केलेत.

तिसरी गोष्ट खरी महत्त्वाची. प्रोग्रेसिव्हमध्ये अर्धा पैसा काचेचा आणि अर्धा मापाचा. दोन बुबुळांमधलं अंतर, तेही प्रत्येक डोळ्याचं नाकापासून वेगळं, आणि फ्रेम तुमच्या नाकावर बसवून बुबुळासमोर मार्करने ठिपका देऊन घेतलेली उंची, ही दोन मापं न घेता जो ऑर्डर टाकेल तो १,००० ला देत असला तरी घेऊ नका. फ्रेमही फार बुटकी नको, काचेची उंची ३० मिमीच्या आसपास तरी हवी, नाहीतर वाचायचा भाग कापला जातो आणि तो कचऱ्यात जातो, मी स्वतः टाकलाय.

आणि काच कंपनीचीच आहे का हे ओळखायचं तर चष्मा दिव्यासमोर तिरपा धरून बघा, प्रत्येक काचेवर दोन बारीक खुणा कोरलेल्या दिसतात, एकमेकींपासून ३४ मिमीवर. कानाकडच्या खुणेखाली ॲड लिहिलेला असतो, तुमच्या बाबतीत १२ किंवा १२५, आणि नाकाकडच्या खुणेखाली कंपनीची सही. सही नसेल आणि बिलावर झाइस किंवा होया लिहिलं असेल तर तिथेच भांडा. काच ज्या कागदी पाकिटातून येते ते पाकीटही मागून घ्या, त्यावर इंडेक्स, नंबर, कोटिंग सगळं छापलेलं असतं, देत नाहीत पण मागितलं की देतात.

हो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या काचा आणि फ्रेमवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय. बिल नीट वाचा. नुसत्या उन्हाच्या गॉगलचं गणित वेगळं.

माझ्या मते मेन रोडचा ४,२०० वाला भाव तुमच्या नंबरला वाजवी आहे, फक्त माप कसं घेतो ते बघा.

गंगापूररोडचा ऑनलाइनवाला

माझा अनुभव लिहितो, हसू नका. माझा नंबर -५.५० आहे. दोन वर्षांपूर्वी दोन चष्म्यांची ऑफर बघितली, साइटचं नाव सांगत नाही कारण चूक अर्धी माझीच. त्यांनी बुबुळांचं अंतर विचारलं, मी बाथरूमच्या आरशासमोर शाळेची पट्टी नाकावर धरून ६८ मोजलं. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून, आणि मान मध्येच हलली असणार. चष्मा आला, दिसायला झकास, घातला आणि जिना उतरताना पायरी दोन बोटं खाली असल्यासारखी वाटली. म्हटलं सवय होईल. आठ दिवस डोकं दुखून बायकोने शेवटी डॉक्टरकडे नेलं, तिथे मोजलं तर ६२ निघालं! सहा मिमी म्हणजे किती ते पट्टीवर बघा, आणि इतक्या मोठ्या नंबरला तेवढं भरपूर झालं.

पण ऑनलाइन वाईट असं मी म्हणणार नाही, आता मी तिथूनच घेतो, फक्त अंतर डॉक्टरकडून कागदावर लिहून घेतो. काही ठिकाणी लिहून द्यायला नाखूश असतात, गोड बोलून घ्यायचं. दुसरी युक्ती म्हणजे जुन्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला तीन आकडे असतात, माझ्या ५२-१८-१४० असे आहेत, म्हणजे काचेची रुंदी, नाकावरचा पूल आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. त्याच मापाची फ्रेम मागवली की तोंडावर बसते, नाहीतर फोटोतल्या मॉडेलला छान दिसते आणि आपल्या तोंडावर मोटारसायकलच्या हँडलसारखी.

प्रोग्रेसिव्ह मात्र ऑनलाइन नको ताई, वर काचवाले दादा म्हणाले ते उंचीचं माप घरी बसून घेणं आपल्याला जमणारं नाही.

नाशिकरोडचे काका

लेकी, मी नोटांच्या प्रेसमध्ये होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आमच्याकडे बारीक नजरेचं काम, त्यामुळे चाळिशी हा डिपार्टमेंटचा सामुदायिक रोग होता. प्रोग्रेसिव्ह मी एकदा हौसेने केलं, त्या काळात ९,००० घातले, आणि घालून बिटको चौकात रस्ता ओलांडताना मान फिरवली की रिक्षा वाकडी दिसायची. रिक्षावाला वाकडा चालतो हे ठीक, पण रिक्षापण? कडेने पाहिलं की लाटा लाटा. महिनाभर सवय करायचा प्रयत्न केला, मग ठेवून दिलं कपाटात, अजून आहे.

तेव्हापासून दोन चष्मे. एक लांबचा आणि एक वाचायचा. वाचायचा तर रस्त्यावर तयार मिळतो, १५० रुपयांत, मी तीन घेऊन ठेवलेत, एक देवघरात, एक टीव्हीजवळ, एक हिच्या पर्समध्ये. तू +१.२५ चा तयार घे आणि मोकळी हो, १४,५०० कशाला.

एक मात्र माझ्यासारखं करू नकोस. मी एकदा सरळ दुकानात जाऊन मशीनवर नंबर काढला, एकदम बदललेला आला, चष्मा करून घेतला, आणि तेव्हा माझी शुगर २८० होती हे मला माहीतच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभराने नवीन चष्मा घातला तर सगळं धूसर, जुना घातला तर स्वच्छ! डॉक्टर म्हणाले साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर खोटा येतो, आधी साखर आटोक्यात, मग चष्मा. २,२०० रुपये गेले ते गेले.

रात्रपाळी

काकांच्या वाकड्या रिक्षाला अनुमोदन 😄

एवढंच सांगायचं की काचा कुठल्याही घ्या पण अँटीग्लेअर कोटिंग सोडू नका. मी अंबडहून रात्री अकराला सुटतो, हायवेच्या उड्डाणपुलावर समोरच्या ट्रकच्या लाइटला आधी चारी बाजूंनी काटे फुटायचे, कोटिंगवाली काच घेतल्यापासून ते खूप कमी झालंय. पण ते कोटिंग जपावं लागतं. मी पहिला चष्मा एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून दिला, संध्याकाळी बघतो तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. गरम पाण्यानेही तसंच होतं. शर्टाच्या टोकाने पुसणाऱ्यांना काय सांगणार, मीही तेच करतो.

दृष्टीआड

हातातली पोळी ठेवून लिहितेय, कारण हा धागा वाचून राहवेना. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज हेच काम. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण एक साधी गोष्ट कुणीच बघितली नाही.

सातपूरवाली ताई, लांबचा -१.२५. ॲड +१.२५. आता बेरीज करा.

शून्य! म्हणजे जवळचं वाचायला तुम्हाला जो नंबर लागतो तो शून्य आहे. म्हणजे काच लागतच नाही. तुम्ही चष्मा काढून वाचून बघितलंत का कधी? मला वाटतं नाही, कारण कॉलेजपासून सकाळी उठल्यावर चष्मा आणि रात्री झोपताना काढायचा ही सवय लागलेली असते, मग चष्म्यातूनच सुईत दोरा ओवायला जातो आणि म्हणतो दिसत नाही. तो चष्मा लांबसाठी आहे, जवळ बघताना तोच आडवा येतोय. चाळिशीत डोळ्याचं भिंग ताठ व्हायला लागतं, जवळ बघायला जो जोर लावावा लागतो तो लावता येत नाही, पण थोडा मायनस नंबर असलेल्या माणसाला देवाने वाचायचा चष्मा डोळ्यातच बसवून दिलेला असतो. आता उठा, चष्मा काढा, औषधाची पट्टी एक हातावर धरा आणि मला सांगा.

ऑफिसचा मॉनिटर साधारण ६० सेंमीवर असतो, -१.२५ ला चष्म्याशिवाय ८० सेंमीपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणजे मॉनिटरही त्यात बसला. तुम्हाला चष्मा लागणार गाडी चालवताना, टीव्हीला आणि समोरून येणाऱ्या माणसाला ओळखायला. प्रोग्रेसिव्ह वाईट नाही, ज्यांना सारखं वर-खाली बघावं लागतं, शिक्षक, दुकानदार, मीटिंगवाले, त्यांना चष्मा काढ-घाल करण्याचा वैताग असतो आणि त्यांनी ॲड कमी असतानाच प्रोग्रेसिव्ह सुरू केलं तर सवय लवकर होते, कडेच्या लाटाही कमी असतात. काकांना बहुतेक ॲड चांगला वाढल्यावर एकदम दिला असणार. पण गरज आणि सोय यात फरक आहे, आणि १४,५०० ची सोय घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

काका, रागावू नका, पण +१.२५ चा तयार चष्मा ताईंना अजिबात नाही. ज्यांना लांबचा नंबरच नाही त्यांच्यासाठी तो. ताईंनी तो नुसत्या डोळ्यांवर घातला तर ४० सेंमीच्या पलीकडे सगळं धूसर, मॉनिटरसुद्धा. शिवाय तयार चष्म्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो, सिलिंड्रिकल नसतो, तो देवघरात ठीक, दिवसभर नाही. शुगरचं मात्र तुम्ही लाखातलं सांगितलंत.

आता मुलीचं, आणि हे जास्त महत्त्वाचं. एका वर्षात पूर्ण एक नंबर वाढणं म्हणजे वेग जास्त आहे. तिचा नंबर दुकानात काढू नका. लहान मुलं मशीनमध्ये बघताना डोळ्याला ताण देतात आणि नंबर जास्त येतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे थेंब टाकून नंबर काढतात, त्या दिवशी काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांना खुपतो, शाळेला सुट्टी टाका. नंबर वाढायचा वेग कमी करायला काही औषधाचे थेंब आणि खास काचाही असतात, त्या काचा महाग आहेत, पण ते डॉक्टरने बघून ठरवायचं, काउंटरवरच्या मुलाने नाही. रोज दोन तास उघड्यावर खेळणं हा मात्र बिनपैशाचा उपाय आहे, आणि त्याला पुरावा आहे.

काच पॉलिकार्बोनेटची घ्या. ओरखडे लवकर पडतात पण चेंडू लागला तर फुटून डोळ्यात जात नाही. फ्रेम बंद कडांची, नाकावर नीट बसणारी. आणि कृपा करून वाढत्या अंगाची घेऊ नका! फ्रॉक चालतो तसा, चष्मा नाही. मोठी फ्रेम घसरते आणि मूल चष्म्याच्या वरून बघायला लागतं, मग कितीही भारी काच घातलेली असो.

ब्लू कटचं एका वाक्यात, त्या निळ्या लाइटच्या जादूत एवढंच सिद्ध होतं की ती काच त्या लाइटचा जांभळट प्रकाश अडवते. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात स्क्रीनमुळे डोळे थकण्यावर या काचांचा साध्या काचांपेक्षा काही फायदा दिसला नाही. फुकट मिळत असेल तर घ्या, त्यासाठी ६०० जास्त देऊ नका.

आणि ताई, तुम्ही चाळिशी ओलांडलीय, नंबर दुकानात काढला असेल तर एकदा डॉक्टरकडे डोळ्याचं प्रेशर तपासून घ्या. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, चष्म्याच्या मशीनमध्ये दिसत नाही. खर्च नको असेल तर सिव्हिलला केस पेपर काढा, गर्दी असते, सकाळी लवकर जा.

काचवाला

हात जोडले. नऊ वर्षं काचा कापल्या आणि कागद वाचायला विसरलो 🙏 समोर ॲड दिसला की प्रोग्रेसिव्ह, एवढंच डोक्यात बसलंय, आणि १०,८०० ला नावं ठेवून ४,२०० ला वाजवी म्हणून मोकळा झालो.

ताई, मग तुमची जुनी फ्रेम चांगली असेल तर तीच वापरा, नुसत्या काचा बदला. दुकानदार म्हणतील जुनी फ्रेम तुटली तर आमची जबाबदारी नाही, ते त्यांचं खरंही असतं, शेलची (प्लास्टिकची) फ्रेम जुनी होऊन पांढरट पडली असेल तर काच बसवताना तडकते, पण धातूची असेल तर काही होत नाही.

सातपूरवाली

मी हे ऑफिसातून लिहितेय. चष्मा काढला. इनव्हॉइस हातात घेतलं. अहो सगळं दिसतंय!! खालचं बारीक बारीक टर्म्स ॲण्ड कंडिशन्ससुद्धा, जे मी आयुष्यात वाचलं नव्हतं. शेजारची म्हणाली काय झालं, का हसतेस. तिला काय सांगू. वर्षभर सुई, पट्ट्या, लाइट, सगळ्यांना शिव्या घालत होते.

नाशिकरोडचे काका

काखेत कळसा म्हणतात तो हाच. माझा सल्ला मागे घेतला बरं का ताई, दृष्टीआडबाईंचा राग नाही. पण माझ्या कपाटातल्या ९,००० च्या प्रोग्रेसिव्हचं आता काय करू ते सांगा, नवीन नंबरच्या काचा त्यात घालता येतील का? फ्रेम धातूची आहे.

काचवाला

येतील काका, काचेची उंची मोजा, पट्टी आतून लावा, कड धरू नका. ३० च्या वर असेल तर पुन्हा प्रोग्रेसिव्हही बसेल. नाहीतर वाचायच्या साध्या काचा घाला, देवघरातला १५० वाला निवृत्त करा.

सातपूरवाली

दहा दिवसांनी अपडेट देते, कारण लोक प्रश्न विचारून गायब होतात त्याचा मलाच राग येतो.

मेन रोडच्या त्याच जुन्या दुकानात गेले. गाडी गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणाजवळ लावून चालत, कारण मेन रोडला गाडी लावायची म्हणजे लॉटरी. माझी फ्रेम धातूची आहे, नुसत्या काचा बदलल्या, १.५६ अँटीग्लेअर, ९०० रुपये. प्रोग्रेसिव्ह नको म्हटल्यावर दुकानदार काकांचा चेहरा थोडा पडला पण मी बेरीज सांगितली तर म्हणाले "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि मग स्वतःच हसले. पाकीटही मागितलं, दिलं. पुढे पाच-सात वर्षांनी ॲड वाढला की परत बघू, तोपर्यंत ऑफिसात चष्मा काढ-घाल चाललंय, थोडा वैताग आहे, खोटं कशाला बोलू, दर वेळी साहेब केबिनमधून हाक मारतात तेव्हा चष्मा शोधावा लागतो.

लेकीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, थेंब टाकून नंबर काढला, -२.७५ नाही तर -२.२५ आला! म्हणजे दुकानातला चष्मा केला असता तर अर्धा नंबर जास्तीचा लावला असता पोरीला. फी ६००. सहा महिन्यांनी परत बोलावलंय, वाढ तशीच राहिली तर थेंब सुरू करायचं बघू म्हणाले, सध्या रोज संध्याकाळी सोसायटीच्या मैदानावर हाकलते तिला. पॉलिकार्बोनेट काचा १,९०० आणि फ्रेम १,१००. तिला गुलाबी मोठी गोल फ्रेम हवी होती, एका सिनेमातल्या हिरॉइनसारखी, दहा मिनिटं रुसवा झाला, शेवटी निळी छोटी घेतली. माझ्या काचा, तिचा चष्मा आणि डॉक्टरची फी धरून ४,५०० मध्ये सगळं झालं.

माझं प्रेशर पण तपासलं, ठीक आहे. दृष्टीआड ताई, तुमची पोळी गार झाली त्याबद्दल सॉरी आणि थँक्यू.

आता शेवटचा प्रश्न, मुलांच्या चष्म्याला मागून बांधायचा तो पट्टा असतो ना, खेळताना पडू नये म्हणून, तो दुकानदाराकडे नव्हता. कुठे मिळेल?

रात्रपाळी

शालिमारला फिरा, चष्म्याच्या कव्हर-दोऱ्या विकणारे बसतात रस्त्याला. सिलिकॉनचा घ्या, कापडी घामाने वास मारतो. ५० सांगतील, ३० ला मागा.

नाशिकरोडचे काका

दोन घे. एक पोरीला आणि एक तुला, साहेबांनी हाक मारल्यावर चष्मा गळ्यातच सापडेल.